घड्याळाशी एकट्याची शर्यत

सायकलशर्यत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर स्वारांचा घोळका उभा राहतो. रंगीबेरंगी सदरे, एकमेकांना घासून जाणारी चाके आणि शेवटच्या शंभर मीटरांत उसळलेली धाव. मुंबई–पुणे शर्यतीची छायाचित्रे वर्तमानपत्रात पाहत वाढलेल्या आमच्या पिढीला तर दुसरे चित्र सुचतच नाही. परंतु शर्यतीचा आणखी एक प्रकार आहे. त्यात घोळका नसतो, प्रेक्षकांची गर्दी नसते, आणि अंतिम रेषेवर कोण आधी पोहोचले यालाही फारसा अर्थ नसतो. त्याला टाइम ट्रायल म्हणतात. इंग्लंडमधील श्रमिक स्त्री-पुरुषांनी हा प्रकार शंभरहून अधिक वर्षे जोपासला. त्याची रीत, त्यामागील शास्त्र आणि हंगाम सरता सरता हौशी सायकलपटूची लागणारी कसोटी यांची ओळख या स्मरणिकेच्या वाचकांना, विशेषतः वसतिगृहातील विद्यार्थ्यांना, करून द्यावी असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

टाइम ट्रायलची रीत सोपी आहे. बहुधा रविवारची पहाट असते. एखाद्या गावाबाहेरच्या रस्त्याच्या कडेला घड्याळ घेतलेला वेळाधिकारी उभा असतो. स्वार एकेक करून त्याच्यापुढे येतात. मागून एकजण सीट धरून सायकल तोलून धरतो, म्हणजे स्वाराचे दोन्ही पाय पेडलवर राहतात. वेळाधिकारी सेकंद मोजतो आणि स्वार सुटतो. बरोबर एका मिनिटाने दुसरा, त्यानंतर एका मिनिटाने तिसरा. ठरलेले अंतर १०, २५, ५० किंवा १०० मैल असते, म्हणजे आपल्या हिशेबाने अनुक्रमे सुमारे १६, ४०, ८० आणि १६१ किलोमीटर. याखेरीज १२ आणि २४ तासांच्या शर्यती असतात. त्यांत अंतर ठरलेले नसते, वेळ ठरलेला असतो. त्या वेळात जो अधिक अंतर तोडील तो विजेता. पुढच्या स्वाराला गाठले तर त्याला ओलांडून निघून जायचे; त्याच्या मागे चाकाला चाक लावून राहण्यास नियमाने सक्त मनाई आहे. या एका नियमात या खेळाचे सारे मर्म साठवले आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

हा प्रकार कुणा तत्त्वज्ञाच्या चिंतनातून निघालेला नाही. तो पोलिसांच्या भीतीतून निघाला. १८९० च्या दशकात इंग्लंडच्या रस्त्यांवर घोडागाड्यांचे राज्य होते आणि सायकल ही उपटसुंभ समजली जाई. जुलै १८९४ मध्ये नॉर्थ रोड क्लबच्या ५० मैलांच्या शर्यतीत काही स्वार एका घोडागाडीजवळून जात असता घोडा बुजला, स्वार पडले, गाडीतील बाईंनी तक्रार केली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. त्या स्वारांत फ्रेडरिक थॉमस बिडलेक हे गृहस्थ होते. रस्त्यावरील शर्यतींवर गंडांतर आले. राष्ट्रीय सायकल संघटनेनेही रस्ते सोडून बंदिस्त धावपट्ट्यांकडे वळण्याचे धोरण स्वीकारले. परंतु धावपट्ट्या होत्या किती आणि कुठे? तेव्हा बिडलेक यांनी तोड काढली, की शर्यत दिसलीच नाही तर बंदी कशावर घालणार? पुढच्याच वर्षी, १८९५ च्या ऑक्टोबरात, त्यांच्या क्लबने स्वारांना अंतराअंतराने सोडून पहिली टाइम ट्रायल घेतली. दूरवरून पाहणाऱ्याला वाटावे, की एक माणूस घाईने कुठेतरी निघाला आहे.

पुढे या गुप्ततेची एक परंपराच झाली. स्वारांनी खांद्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालावेत, पाठीवर क्रमांक लावू नये, सायकलला घंटी असावी असे दंडक होते. शर्यतीच्या पत्रकावर ‘खासगी व गोपनीय’ असे छापत. मार्गाचे नावसुद्धा उघड लिहीत नसत; अक्षरे व आकडे यांच्या सांकेतिक खुणेने तो ओळखला जाई. ती पद्धत आजही चालू आहे. युरोपच्या मुख्य भूमीवर फ्रान्स, इटली, बेल्जियम येथे हजारोंच्या जयघोषात घोळक्याच्या शर्यती होत असताना इंग्लंडात मात्र पहाटेच्या धुक्यात काळ्या वेशातील माणसे एकएकटी घड्याळाशी झुंजत होती. १९४२ साली पर्सी स्टॅलर्ड यांनी लँगॉलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी खुली घोळक्याची शर्यत घेऊन ही बंदी मोडली, तेव्हा त्यांना व त्यांच्या साथीदारांना संघटनेने बाहेर काढले. तो वाद दीर्घ व कडवट आहे. इथे त्यात शिरत नाही. एवढे खरे, की बंदी उठल्यावरही टाइम ट्रायल मागे पडली नाही. भीतीतून जन्मलेली रीत लोकांच्या अंगवळणी पडली होती आणि कष्टकऱ्यांच्या जीवनाला ती सोयीची होती. रविवारी पहाटे शर्यत, दहापर्यंत घरी, सोमवारी कारखान्यात.

आता ‘हौशी’ या शब्दाविषयी. मराठीत हौस म्हटले की सवडीचा छंद असा अर्थ निघतो, आणि त्यामुळे हौशी खेळाडू म्हणजे कच्चा खेळाडू असा समज होतो. खेळाच्या परिभाषेत हौशी म्हणजे खेळाचा मोबदला न घेणारा, एवढेच. परंतु या शब्दाला एक इतिहास आहे आणि तो विद्यार्थ्यांना ठाऊक असावा. टेम्स नदीवरील हेन्ली येथील नौकाशर्यतीच्या चालकांनी १८७९ मध्ये हौशी खेळाडूची जी व्याख्या केली, तिच्यात पैशासाठी खेळणाऱ्याला तर वगळलेच, पण जो पोटासाठी कारागीर, यांत्रिक वा मजूर म्हणून राबतो तोही हौशी नव्हे असे ठरवले. म्हणजे त्याने खेळातून एक पैसा घेतलेला नसला तरी, हाताने काम करतो एवढ्याच कारणास्तव तो स्पर्धेला अपात्र! हा नियम १९३७ पर्यंत टिकला. श्रमाला विटाळ मानणारी ही व्याख्या वाचताना आपल्या वाचकांना स्वतःच्या इतिहासातील काही आठवल्यावाचून राहणार नाही. सायकलचा खेळ त्या मानाने मोकळा राहिला. ती स्वस्त झाली तेव्हा गिरणीत, खाणीत, शिवणकारखान्यात काम करणाऱ्यांनी ती घेतली, क्लब काढले, स्वतःच वेळाधिकारी झाले, स्वतःच चौकात उभे राहून स्वारांना वाट दाखवू लागले. आजही या शर्यती अशा स्वयंसेवकांच्या बळावर चालतात, आणि शर्यत संपल्यावर गावाच्या सभागृहात चहा व घरी केलेला केक मिळतो. बक्षिसाची रक्कम बहुधा प्रवासखर्चही भागवीत नाही.

आता एकट्याने धावण्याचा शास्त्रीय अर्थ पाहू. सपाट रस्त्यावर सायकलपटूचा खरा प्रतिस्पर्धी हवा असतो. वेग ताशी तीस किलोमीटरच्या पुढे गेला की त्याची बहुतेक शक्ती हवा कापण्यातच खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या विरोधावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. विद्यार्थ्यांनी वहीत मांडून पाहावे: ताशी ३० वरून ३३ वर जायचे, म्हणजे वेग फक्त एक दशांश वाढवायचा, तर १.१ चा घन १.३३ येतो. हवेपुरती एक तृतीयांश शक्ती जादा हवी! घोळक्यातील स्वार दुसऱ्याच्या आडोशाने जातो, तेव्हा त्याचे कष्ट सुमारे पाव ते एक तृतीयांश वाचतात. म्हणूनच घोळक्याच्या शर्यतीत डावपेच, संघ, साथीदार यांना महत्त्व. चतुर माणूस इतरांच्या श्रमांवर शेवटपर्यंत जाऊन अखेरीस पुढे उडी मारू शकतो. टाइम ट्रायलमध्ये आडोसा निषिद्ध. कुणाच्या मागे लपायचे नाही आणि कुणाला ओढून न्यायचे नाही. ज्याचे कष्ट त्याच्याच नावावर जमा.

स्वार हँडलवर वाकून, कोपरे मिटून, मान खाली घालून बसतो ते वाऱ्यापुढे अंग लहान करण्यासाठी. या बैठकीचे महत्त्व किती, हे १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये जगाला दिसले. अखेरच्या दिवशी २४.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये अमेरिकेच्या ग्रेग लेमाँड यांनी हँडलच्या पुढे हात एकत्र ठेवता येतील असा जोड लावला होता. तीन आठवड्यांची शर्यत त्यांनी ८ सेकंदांनी जिंकली. पुढे १९९३ मध्ये ग्रॅमी ओब्री या स्कॉटिश हौशी सायकलपटूने छातीखाली हात दुमडून बसण्याची स्वतःची पद्धत काढली, स्वतःच सायकल बनवली, तिच्यात कपडे धुण्याच्या यंत्राचे बेअरिंग बसवले आणि तासाभरात ५१.५९६ किलोमीटर जाऊन जागतिक विक्रम केला. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने ती बैठकच बेकायदा ठरवली. नियम करणाऱ्यांना गरिबाची कल्पकता नेहमीच अंमळ उशिरा दिसते, आणि दिसली की खुपते.

शक्ती कशी खर्च करावी हाही अभ्यासाचा विषय आहे. नवखा स्वार पहिल्या दहा मिनिटांत उधळतो आणि उरलेला वेळ त्याची फेड करीत बसतो. जाणकार स्वार आरंभी हात राखून असतो. शिवाय एक साधे गणित सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही. २० किलोमीटर वाऱ्याविरुद्ध ताशी ३० ने जायचे आणि तेवढेच अंतर वारा पाठीशी घेऊन ताशी ४० ने परत यायचे, तर सरासरी ३५ वाटते. पण जाण्यास ४० मिनिटे, येण्यास ३० मिनिटे, एकूण ७० मिनिटे लागतात. सतत ३५ चा वेग ठेवणाऱ्याला तेच अंतर साडेअडुसष्ट मिनिटांत पुरे होते. वेळ हळू भागातच अधिक जातो. म्हणून चढावर व वाऱ्याविरुद्ध थोडा जादा जोर लावावा, आणि उतारावर व वारा पाठीशी असता श्वास आवरून घ्यावा. आपल्याकडे भर दुपारी पश्चिमेच्या वाऱ्याविरुद्ध सायकल हाणणाऱ्या मुलांना हे अनुभवाने माहीत असते. कारण मात्र या भागाकारात आहे.

इंग्लंडातील हंगाम वसंतात सुरू होतो आणि ऑक्टोबरअखेर संपतो. जूनमध्ये तेथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. कामावरून आलेला माणूस जेवून दोन तास सायकल चालवू शकतो. सप्टेंबरात संध्याकाळ झपाट्याने आटते. सरावाला उजेड उरत नाही, सकाळ गार होते आणि हवा जड होते. पाच अंशांवरची हवा वीस अंशांवरच्या हवेहून सुमारे पाच टक्के दाट असते. तासाभराच्या शर्यतीत तेवढ्यानेच जवळजवळ एक मिनिट जादा लागते. म्हणजे अंगात तेवढीच ताकद असूनही घड्याळ वाईट बातमी देते. त्यात सहा महिन्यांच्या शर्यतींचा थकवा. ज्याची उपजीविका खेळावर आहे, तो अशा वेळी विश्रांती घेऊ शकतो. हौशी सायकलपटूला मात्र वर्षभराचा हिशेब इथेच पुरा करायचा असतो; कारण १२ तासांची मोठी शर्यत बहुधा उत्तर-उन्हाळ्यात वा सप्टेंबरात येते. पुरुषांच्या वार्षिक सर्वोत्तम सायकलपटूची निवड १९३० पासून ५० मैल, १०० मैल आणि १२ तास या तीन शर्यतींच्या सरासरी वेगावरून होत आली आहे. स्त्रियांसाठी अंतरे ठरली २५, ५० आणि १०० मैल. बारा तासांचे काम स्त्रियांच्या हिशेबात धरलेच नव्हते.

या पार्श्वभूमीवर बेरिल बर्टन यांची १७ सप्टेंबर १९६७ ची शर्यत पाहावी लागते. त्यांचा जन्म १९३७ चा, यॉर्कशरमधील लीड्स शहरातला. तेव्हा इंग्लंडात अकराव्या वर्षी एक परीक्षा होई. तिच्यावरून कोणत्या मुलाने विद्येच्या शाळेत जावे आणि कोणत्या मुलाने कामधंद्याच्या वाटेला लागावे हे ठरे. कोवळ्या वयातील एका परीक्षेवर आयुष्याची वर्गवारी करणाऱ्या त्या पद्धतीविषयी शिक्षक म्हणून मला आदर नाही. बेरिल त्या परीक्षेत अपयशी ठरल्या आणि त्याच सुमारास संधिवाताच्या तापाने गंभीर आजारी पडल्या. दीर्घकाळ रुग्णालयात व आरोग्यधामात काढल्यावर डॉक्टरांनी सांगितले की या मुलीने अंगमेहनत टाळावी. पुढे शिवणकारखान्यात काम करताना त्यांची चार्ली बर्टन यांच्याशी भेट झाली. चार्ली सायकलवेडे होते. लग्न झाले, १९५६ मध्ये कन्या डेनिस हिचा जन्म झाला. सुरुवातीस नवऱ्याच्या मागे धापा टाकत जाणारी ही तरुणी काही वर्षांतच त्याच्या कितीतरी पुढे निघून गेली. आणि ही गोष्ट मनाला न लावता चार्ली यांनी जन्मभर पत्नीच्या सायकली दुरुस्त केल्या, गाडी हाकली, रस्त्याच्या कडेला उभे राहून तिच्या हाती खाणेपिणे दिले. सत्कारांच्या भाषणांत अशा माणसांची नावे क्वचितच येतात.

बेरिल बर्टन यांचा सराव कसा होता? त्यांना वेतनावर ठेवलेला प्रशिक्षक नव्हता. मॉर्ली येथे निम कार्लाइन या सायकलपटू शेतकऱ्याच्या रुबार्बच्या मळ्यावर त्या मजुरी करीत. रुबार्ब हे लाल, आंबट देठांचे पीक. त्याचे गड्डे शेतात दोन वर्षे वाढवतात, मग हिवाळ्यात थंडी लागल्यावर उपटून अंधाऱ्या कोठारात नेऊन लावतात. मातीने भरलेले ते गड्डे विलक्षण जड असतात. खणणे, उपटणे, उचलून वाहणे या कामाने पाठ, कंबर व मांड्या अशा घडल्या, की आजच्या व्यायामशाळेतील वजने त्यापुढे फिकी पडावीत. यावर आठवड्याला शेकडो मैल सायकल, तीही बहुधा क्लबातील पुरुषांच्या सोबतीने आणि त्यांच्याच वेगाने. घरकाम होतेच. याला आदर्श सराव म्हणता येणार नाही. विश्रांतीला जागाच नव्हती. पण सरावाचे जे मूळ तत्त्व, की शरीरावर भार टाकावा, त्यास सावरू द्यावे आणि सावरल्यावर थोडा अधिक भार टाकावा, ते या कष्टकरी दिनक्रमात वर्षानुवर्षे घडत गेले.

हंगामअखेरच्या सरावाचे शास्त्र निराळे आहे. हिवाळा व वसंत यांत लांब पल्ल्याचे संथ अंतर तोडून दम कमवायचा. उन्हाळ्यात तीनचार मिनिटांचे जोरकस टप्पे, मध्ये उसंत, पुन्हा जोर, अशा आवर्तनांनी वेग चढवायचा. सप्टेंबरात नवे काही कमावता येत नाही. अखेरच्या दोन आठवड्यांत केलेल्या जादा मेहनतीचे फळ शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, फक्त थकवा मिळतो. म्हणून सरावाचे अंतर निम्म्यावर आणावे, वेगाची धार मात्र राखावी. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणाऱ्या मुलांना मी हाच दाखला देत असतो. ते ऐकत नाहीत ही गोष्ट वेगळी. बर्टन यांच्या बाबतीत त्या वर्षी ही धार राखण्याचे काम एका मोठ्या शर्यतीने केले. सप्टेंबरच्या आरंभी नेदरलँड्समधील हेरलेन येथे त्यांनी स्त्रियांच्या रस्त्यावरील शर्यतीचे जागतिक विजेतेपद पटकावले होते. मायदेशी परतून दोन आठवडे होत आले, तोच ओटली क्लबची १२ तासांची टाइम ट्रायल आली.

पुरुषांची शर्यत आधी सुटली. ९९ स्वार, मिनिटामिनिटाच्या अंतराने. सर्वांत शेवटी सुटले माइक मॅकनमारा, त्या दिवसाचे सर्वांत बलाढ्य स्पर्धक. त्यांच्यानंतर दोन मिनिटांनी स्त्रियांच्या स्वतंत्र शर्यतीसाठी बेरिल बर्टन सुटल्या. स्त्रियांनी पुरुषांमागून निघायचे, अशी ती मांडणी. पण त्यामुळेच एक गोष्ट घडली. तासामागून तास बर्टन पुढच्यांना ओलांडत गेल्या. बारा तासांच्या शर्यतीत पाय एकवेळ साथ देतात, पण पोट, पाठ आणि मान बंड करतात. शरीरातील साखरेचा साठा दोन-अडीच तासांच्या जोरकस श्रमात संपतो. पुढचा प्रवास हाती दिलेल्या घासांवर चालतो, आणि तो घासही वेग न सोडता गिळायचा असतो. सुमारे २३५ मैल, म्हणजे पावणेचारशेहून अधिक किलोमीटर झाल्यावर त्यांना पुढे मॅकनमारा दिसले. तेही त्या वेळी पुरुषांचा विक्रम मोडण्याच्या वाटेवर होते. त्यांना ओलांडताना काय बोलावे हे बर्टन यांना सुचेना. त्यांनी खिशातून ज्येष्ठमधाची एक गोळी काढून त्यांच्यापुढे धरली. मॅकनमारा यांनी ती आभार मानून घेतली. ही हकीकत बर्टन यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. काहींना तो खट्याळपणा वाटतो. मला त्यात एका कष्टकऱ्याने दुसऱ्याच्या कष्टांना दिलेली ओळख दिसते.

या शर्यतीच्या मोजणीची पद्धत सांगण्याजोगी आहे. अखेरचे तास एका ठरावीक फेरीमार्गावर जातात. त्या मार्गावर ठिकठिकाणी वेळाधिकारी उभे असतात. बारा तास भरण्यापूर्वी स्वार कोणत्या ठिकाणाहून किती वाजता गेला आणि भरल्यानंतर पुढच्या ठिकाणी किती वाजता पोहोचला, यावरून नेमक्या त्या क्षणी तो कुठे होता हे त्रैराशिकाने काढतात. अशा मोजणीने मॅकनमारा यांचे अंतर २७६.५२ मैल ठरले. तो पुरुषांचा नवा विक्रम होता. बर्टन यांचे अंतर ठरले २७७.२५ मैल, म्हणजे ४४६ किलोमीटर. ताशी सरासरी ३७ किलोमीटरहून अधिक. मुंबईहून सोलापूर ओलांडून पुढे जावे एवढे अंतर, सूर्योदय ते सूर्यास्त, एकटीने. पुरुषांचा विक्रम त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर, त्याच वाऱ्यात मोडला गेला होता आणि एक स्त्री त्याच्याही पुढे होती. स्त्रियांसाठी मार्ग सोपा होता, हवामान निराळे होते, असे म्हणण्यास कुणालाच जागा उरली नाही. आडोसा न घेता शर्यत करण्याच्या नियमाचा अर्थ मला इथे लख्ख दिसतो. घोळक्यात ती पुरुषांच्या चाकामागे राहून गेली असे म्हणता आले असते.

त्या पुढेही हंगामामागून हंगाम धावत राहिल्या. १९५६ मध्ये रे बूटी यांनी १०० मैल चार तासांच्या आत पुरे करणारे पहिले ब्रिटिश म्हणून कीर्ती मिळवली होती. ३ तास ५८ मिनिटे २८ सेकंद. बारा वर्षांनी बर्टन यांनी तेच अंतर ३ तास ५५ मिनिटे ५ सेकंदांत तोडले. स्त्रियांचे वार्षिक सर्वोत्तम सायकलपटूपद त्यांनी १९५९ ते १९८३ अशी सलग २५ वर्षे स्वतःकडे ठेवले. त्या सौम्य स्वभावाच्या देवी नव्हत्या. १९७६ च्या राष्ट्रीय शर्यतीत स्वतःच्याच मुलीने त्यांना हरवले तेव्हा त्यांनी तिच्याशी हस्तांदोलनही केले नाही. थोरांची चरित्रे धुऊन-पुसून सांगण्याची आपल्याकडे खोड आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

हंगामाचा अगदी शेवट मात्र चढावर होतो. ऑक्टोबरात लांब शर्यतींना ना उजेड उरतो ना ऊब. तेव्हा तीनचार मिनिटांच्या घाटशर्यती होतात. दक्षिण इंग्लंडातील कॅटफर्ड क्लबची अशी शर्यत १८८७ पासून, महायुद्धांचा काळ वगळता, चालत आली आहे. आता ती होते त्या केंट परगण्यातील यॉर्क्स हिलचा चढ जेमतेम साडेसहाशे मीटरांचा, पण काही जागी चार पावलांत एक पाऊल वर चढणारा. इथे हवा बाजूला राहते आणि वजन वैरी होते. म्हणून स्वार बाटली काढतात, घंटी काढतात, काहीजण हँडलचा बिनकामाचा भाग करवतीने कापतात. माथ्यावर माणसे हात पसरून उभी असतात, कारण रेषा ओलांडल्यावर स्वाराला सायकल सावरण्याचेही त्राण नसते. राष्ट्रीय घाटशर्यत १९४४ पासून होते. ती १९८८ ते १९९१ अशी सलग चार वर्षे जिंकणारे ख्रिस बोर्डमन तेव्हा हौशीच होते. पुढच्याच वर्षी बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्यांना सुवर्णपदक मिळाले.

बर्टन यांच्या वाट्याला ऑलिंपिक आले नाही. स्त्रियांच्या सायकलशर्यतीला तिथे प्रथम जागा मिळाली ती १९८४ मध्ये; तेव्हा त्या ४७ वर्षांच्या होत्या. स्त्रियांची टाइम ट्रायल तर १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सुरू झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, वयाची ५९ वर्षे पुरी होण्यास काही दिवस असताना, सायकलवरून जात असतानाच बर्टन यांचे निधन झाले. पुरुषांनी १२ तासांत त्यांचे अंतर मागे टाकले ते १९६९ मध्ये. स्त्रियांत ते मागे पडण्यास ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. अ‍ॅलिस लेथब्रिज यांनी २८५.६५ मैल तोडले, तेव्हा त्या जुन्या नोंदीला पन्नास वर्षे पुरी होण्यास महिना उरला होता.